खंडेनवमीचा गोळा

झाशीच्या बडा बाजारातल्या घरात, पुढच्या खोलीत केशवरावांनी गिऱ्हाइकांसाठी बोलिंगच्या व्हिडिओ गेमचं मशीन मांडलं होतं. खंडेनवमीला सकाळीच जवळच्या बबीना छावणीतले दोन फौजी खेळायला आले आणि नेमका मशीनवरचा हाताने फिरवायचा गोळा जागचा हलेना. "बस दो मिनट, भैया," असं चौथ्यांदा म्हणत, घाम पुसत केशवरावांनी तो उचकटून काढला. खाली हळदकुंकवाचा आणि अक्षतांचा नुसता चिखल.

"कमलिनी, लांबून एक फूल वाहायचं होतंस," ते बायकोवर करवादले. "याला एवढं माखायचं कशाला?"

"मामंजींच्या तलवारीला मी दरवर्षी असंच लावत होते," ती दारातूनच म्हणाली. "ती विकून तुम्ही हे आणलंत. मग आज मी दुसरं काय पुजणार होते?"