अडवून धरलेलं पाणी

मस्कतच्या मराठी उपासनेत पाहुणे पाळक जुन्या प्युरिटन प्रवचनकारांच्या थाटात इंग्रजीतून गरजत होते. जॅस्मिन वाक्यामागून वाक्य मराठीत सांगत होती. “देवाचा कोप म्हणजे डोंगरात अडवून धरलेलं पाणी.” तिचा आवाज हलला नाही. मंडळींनी माना खाली घातल्या. मागच्या महिन्यात वादीला, एरवी कोरड्या असणाऱ्या तिथल्या ओढ्याला, आलेल्या पुरात तिचा मुलगा गेला होता, हे पाहुण्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. “त्याने हात काढून घेतला, की पाणी पाप्याला शोधत येतं.” तिने तेही सांगितलं. मुठीत मुलाच्या गाडीची किल्ली होती. “आणि ते कुणाला नेतं?” पाळकांनी विचारलं. तिने प्रश्न मराठीत सांगितला आणि त्याच सुरात उत्तरही दिलं, “माझ्या हातात किल्ली देऊन लोकांची बुडती पोरं काढायला उतरला, त्याला.” पाळकांना मराठी कळत नव्हती. ते गरजले, “आमेन!” सवयीने तीही म्हणाली, “आमेन.”