डब्यातला कण

“डब्यात कोंडलेला कण गप का बसत न्हाई, सर?”

वैजनाथ सरांनी चष्मा काढला. हा प्रश्न विचारण्याइतपत तयारी व्हायला सालेहाबाईंना आठ महिने लागले होते. लातुरात पिको-फॉलचं दुकान चालवणारी ही बाई रोज दुपारी शटर खाली ओढायची आणि सरांच्या ओट्यावर येऊन बसायची. आधी अपूर्णांक, मग समीकरणं, मग लाटा, आणि आता कुठे क्वांटम.

निवृत्त झाल्यापासून सरांकडे कुणी फिरकलं नव्हतं. गावभर डॉक्टर व्हायचे क्लास. क्वांटम हवंय कुणाला? त्यामुळे स्वारी खुशीत होती. फी घेत नव्हते, पण मोठेपणा पुरेपूर मिरवून घेत होते.

“तीस वर्षं कॉलेजात शिकवलं,” ते सांगत. “उत्तर माझ्या नोट्समधलंच लागायचं. बाहेरचं कुणी लिहिलं तर मी वाचतसुद्धा नव्हतो. धाक होता धाक!”

“हाव सर,” सालेहाबाई म्हणायच्या आणि वही उघडायच्या.

पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं होतं, “या वयात हे कशाला?”

“पोरीची पुस्तकं घरात पडून हायेत. तिला किनवटला दिली. दोन वर्षं झाली, माझ्याशी बोलत न्हाई. ह्यातला एक सवाल तरी मला सोताला समजला, की फोन लावीन म्हणते. त्याबिगर तोंड न्हाई मला.”

आईला पोरीसमोर मिरवायचंय, असं सरांनी ठरवून टाकलं. त्यांना गंमत वाटली.

आज त्यांनी डब्यातला कणच परीक्षेला घातला. “त्याची ऊर्जा शून्य का होत नाही? लिहा. वही बंद.”

सालेहाबाईंनी पाऊण पान लिहिलं. कण कोंडला म्हणजे त्याची जागा बरीचशी ठरली. जागा जितकी ठरेल, तितका वेग अनिश्चित. कण अगदी थांबला तर वेगही ठरला, आणि दोन्ही एकदम ठरणं निसर्गाला मंजूर नाही. म्हणून तो थांबत नाही. खाली चार ओळींचं गणित.

सरांनी दोनदा वाचलं. “हे माझ्या नोट्समधलं नाही.”

“चुकलं का?”

“छे! माझ्यापेक्षा सोपं आहे. दहापैकी दहा.”

“लाल पेनानं लिहा, सर. सही पण करा. पोरीला फोटो पाठवायचा हाय.”

सरांनी ऐटीत सही ठोकली. सालेहाबाई त्या सहीकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी पिशवीतून एक घडी घातलेली झेरॉक्स काढली आणि वरचा भाग पुढे केला.

“हे पण तपासता का?”

अक्षर वेगळं, पण उत्तर तेच, ओळीन् ओळ. सर हसले. “म्हणजे इथून पाठ केलंत तर!”

“पाठ न्हाई केलं. समजून घेतलं.”

“असो. यालाही दहापैकी दहा. कुणाचं आहे? डोकं आहे हो!”

“अर्शीचं. माझ्या पोरीचं. रडून सांगत होती, बरोबर हाय म्हणून. मी म्हणलं, सर लोक कुठं चुकतेत का? आन् कॉलेज बंद करून लगीन लावून दिलं.”

त्यांनी कागदाची खालची घडी उलगडली. झेरॉक्समध्ये लाल शाई काळी आली होती. शून्य. आणि शेजारी तीच ऐटदार सही.