उभी गाडी

"तू परवा येणार होतीस ना?" अप्पांनी गाडीच्या छपरावरूनच विचारलं.

"परवा गिऱ्हाईक येणार आहे. मी आज आले ती तुम्हाला समजवायला," लेक म्हणाली. "आधी खाली उतरा. पडलात म्हणजे?"

"पडायला वेळ कुठंय!" म्हणत अप्पा शिडीवरून सरसर उतरले. पंच्याहत्तरी उलटली होती, पण गुडघ्यांनी अजून कुरकुर केली नव्हती.

मागच्या अंगणात ती घरगाडी उभी होती. आत छोटा ओटा, शेगडी, पलंग, अंग चोरून अंघोळ करावी एवढी न्हाणी. आई होती तोवर दोघं उन्हाळाभर तिच्यातून भटकायची. आई गेल्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून गाडी जागची हलली नव्हती, आणि अप्पाही. तरी थंडीआधी ते तिच्या नळ्यांतलं पाणी काढून टाकत आणि थंडी सरली की तिला पुन्हा उघडत. रिकाम्या पाळण्याला झोका दिल्यासारखं. लेकीला ते बघवत नसे.

शेवटी तिनेच ठरवलं. गाडी विकायची आणि अप्पांना आपल्याकडे न्यायचं. घरात विरोध होता तो एकट्या सासूबाईंचा. "राहू देत की व्याह्यांना त्यांच्या घरी सुखात! आणि ते डबडं घेणार कोण? कुत्रंसुद्धा बसायचं नाही त्यात."

"आलीच आहेस तर ही किटली धर," अप्पा म्हणाले. "ओत. हळू."

बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी धरल्यासारखं झालं होतं. सोड्याच्या गरम पाण्याने ती फसफसली, विरली. अप्पांनी दातांच्या जुन्या ब्रशने कोपरे घासले, फडक्याने कोरडे केले आणि वर व्हॅसलीनचं बोट फिरवलं. लहानपणी तिच्या फुटलेल्या ओठांना लावायचे तसंच, अलगद.

लेक बोलायचं ठरवून आली होती ते विसरूनच गेली.

मग छपराचे सांधे. अंगठ्याने दाबत अप्पा सांगत होते, कुठे मसाला कडक झालाय, कुठे पाणी शिरेल. मग चाकं. "एकाच जागी उभं ठेवलं की रबर खालून चपटं होतं. मधून मधून हलवावी लागते."

"किती हलवता?"

"थोडी," अप्पा म्हणाले, आणि हवा मोजायला वाकले.

दाराखाली एक नवी, बुटकी पायरी होती. कडा घासून गोल केलेल्या, वर पाय घसरू नये म्हणून खरखरीत पट्टी. "ही कधी केलीत?"

"थंडीत. चढता-उतरताना बरी पडते." आणि तिच्यावरून ढांग टाकून ते आत शिरले.

लेकीने वाकून पायरीवरून हात फिरवला. उद्याच्या म्हातारपणाची तयारीसुद्धा हा माणूस इतकी नीट करतो!

आत कोंदट वास येईल असं तिला वाटलं होतं. तो नव्हता. गाद्या उभ्या केलेल्या, फ्रिजचं दार फटभर उघडं, पडदे धुतलेले. अप्पा टाकीत पाणी भरू लागले.

"नुसतं तपासायला एवढी काठोकाठ?"

"अर्ध्या टाकीत गळती कळत नाही. घरी सगळे बरे?"

"मजेत. सासूबाई आज भावाकडे निघाल्यात. एरवी तीन पायऱ्या चढायच्या तर घर डोक्यावर घेतात, पण भावाचं नाव काढलं की गुडघे गप्प! हल्ली फार आठवतो त्यांना भाऊ. जाऊ देत, तेवढेच चार दिवस आमच्या कानांना सुट्टी."

अप्पांच्या हातातली नळी सटकली. पाणी त्यांच्याच तोंडावर उडालं.

"बघा, म्हणून म्हणते, वय झालं," लेक हसून म्हणाली आणि तिने त्यांना पदर पुढे केला.

शेवटी राहिला गॅस. अप्पांनी साबणाच्या पाण्यात बुडवलेला ब्रश तिच्याच हातात दिला. "सांध्याला लाव. फुगे आले तर गळतंय."

ती श्वास रोखून बघत राहिली. एकही फुगा आला नाही. परीक्षेत पहिली आल्यासारखं तिला वाटलं.

"पोरी, तुला एक सांगायचं होतं," अप्पा हात पुसत म्हणाले. "बरेच दिवस सांगेन सांगेन म्हणतोय..."

"आधी माझं ऐका." तिने फोन काढला आणि त्यांच्यासमोरच गिऱ्हाइकाला सांगून टाकलं, गाडी विकायची नाही. मग डोळे पुसून ती म्हणाली, "चुकलंच माझं. ज्याने ही अशी जपली, त्याच्याकडून ती काढून कशी घ्यायची? पण आता नुसती पुसत बसू नका, अप्पा. जा. चार दिवस फिरून या. आईला तेच आवडलं असतं."

अप्पांनी साबणाचा ब्रश धुऊन जागेवर ठेवला. मग हळूच म्हणाले, "तिला आवडलं असतं, असं वाटतं तुला?"

"शंभर टक्के. आजच निघा."

"आजच?" त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "पाणी भरलंय, गॅस आहे... तू म्हणतेस तर निघतो बापडा."

"एकट्याने कंटाळा नाही ना यायचा?"

"बघू. भेटतं कोणीतरी वाटेत."

पहिल्याच किल्लीला इंजिन सुरू झालं. तीन वर्षं उभ्या असलेल्या गाडीचं! फाटकात उभी राहून लेक हात हलवत राहिली. असा बाप कुणाला मिळतो, असं तिच्या मनात आलं.

गल्लीच्या टोकाला, बसथांब्यापाशी, गाडीचा दिवा लुकलुकला. गाडी थांबली. अप्पा उतरले आणि त्यांनी ती बुटकी पायरी दाराखाली नीट मांडली.

थांब्याच्या बाकावरून सासूबाई उठल्या, हातातली पिशवी व्याह्यांकडे दिली आणि गुडघ्याला हातही न लावता पायरी चढल्या.