गल्लीतला चॅम्पियन

लहानपणी कोपऱ्यावरच्या दुकानात असायचं तसंच नाणं टाकून खेळायचं व्हिडिओ गेमचं मशीन धाकट्या भावाने घरच्या घरी बनवलं. प्लायवूडचं कपाट, लाल दांडी, नाण्याची फट, सगळं हुबेहूब. मग थोरल्या बहिणीला मुद्दाम बोलावून घेतलं.

"अख्ख्या गल्लीत मला कोणी हरवलं नव्हतं," असं म्हणत त्याने नाणं टाकलं, आणि पडद्यावरचा शिपाई लगेच मेला. दुसरं नाणं टाकलं, तेच. तिसऱ्या वेळी बहिणीने हसू दाबायला तोंडाला पदर लावला.

"वायरिंगमध्ये गडबड आहे," तो दांडी ठोकत म्हणाला. "तेव्हा तासन्‌तास खेळायचो, कधी मेलो नाही."

"अरे, आपल्याकडे नाणी कुठे होती तेव्हा? गिऱ्हाईक नसलं की मशीन आपलं आपण खेळून दाखवायचं. तू नुसती दांडी हलवायचास."

"मग सांगितलं का नाहीस?"

"इतका खुशीत असायचास, सांगते कशाला!"

भावाने हातातलं नाणं खिशात ठेवलं. मग मशीन आपोआप खेळू लागेपर्यंत वाट पाहिली आणि दांडी घट्ट धरली.

"हं ताई, आता बघ."