उजव्या नाकपुडीतलं वारं

कचरूच्या नाकाशी धरलेला रुईचा पुंजका हलला आणि जानराव मुकादमानं जाहीर करून टाकलं, "जित्ता हाय."

भोवतीच्या सगळ्यांनी श्वास सोडला. नांदुऱ्याच्या त्या कापसाच्या जिनिंगात श्वास सोडणं सोपं होतं, घेणं अवघड. तिथल्या हवेत हवा कमी आणि रुईच जास्त.

रुईच्या खोलीतला ढीग दुपारी कचरूवर कोसळला होता. भाकरी खायला आला नाही म्हणून शोधलं, तर ढिगातून आधी एक पाय निघाला, मग बाकीचा कचरू. लग्नातसुद्धा दिसला नव्हता इतका पांढराशुभ्र. त्याला उचलून रेच्यांच्या, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांच्या, रांगेपाशी फरशीवर निजवला. रेचे चालूच होते.

"डाक्तराले बलावणं धाडलं," जानराव म्हणाला. "तवरक निजू द्या त्याले."

जानरावाचा शब्द पक्का. बुलढाण्याला एक दिवसाचं प्रथमोपचाराचं शिक्षण घेऊन त्यानं नाकाचं चित्र आणलं होतं, ते ऑफिसात टांगलेलं होतं. चित्रातल्या माणसाचं डोकं उभं अर्धं कापलेलं, तरी तो मजेत श्वास घेत होता. निळे बाण नाकपुडीत शिरत, केसांतून गाळून निघत, तीन वळकट्यांवरून घसरत आडवे घशाकडे जात आणि तिथून खाली नळीत उतरत. जानरावाला बाण पाठ होते. बाण अडले तर काय करायचं ते दुसऱ्या पानावर होतं, आणि दुसरं पान वाटताना त्याच्यापर्यंत येईस्तोवर संपलं होतं.

तेवढ्यात कचरूची बायको मंजुळाबाई कापूस निवडायच्या पडवीतून धावत आली. नवऱ्याजवळ बसली. हलणाऱ्या पुंजक्याकडे तिनं बराच वेळ पाहिलं.

"डाव्या नाकपुडीले काऊन धरलं?"

"डावी का, उजवी का. नाक एकच हाय न वो."

"यायची डावी बंद हाय. बैलानं शिंग मारलं तवापासून. बारा साल झाले."

"पण हालते न वो," जानराव म्हणाला.

"तेच तं पाहून राह्यली मी."

बारा वर्षं बंद असलेल्या नाकपुडीपुढे पुंजका झकास हलत होता.

मंजुळाबाईनं अंबाड्यातला आकडा काढला आणि उजव्या नाकपुडीतून रुई ओढली. समईच्या वातीएवढी एक निघाली. मग दुसरी. तिसरी लांब होती आणि टोकाला ओली. नाकात हवा ओली होते, असं चित्रावर लिहिलेलंच होतं.

तिनं पुंजका जानरावाच्या हातातून घेऊन उजवीकडे धरला. तिथंही हलला.

"हे पाहा," जानराव म्हणाला.

"मुकादम, रेच्यांचा पट्टा उतरवा."

"काऊन?"

"हे वारं यायच्या नाकाचं हाय का तुमच्या मशीनचं, पाहू द्या मले."

मालकाला विचारावं लागतं, असं जानराव म्हणणार होता. त्याऐवजी त्यानं हातानं खूण केली. पट्टा उतरला. रेचे एकेक करून थांबले, आणि दिवाळीपासून हवेत तरंगणारी रुई खाली बसायला लागली. टोप्यांवर, भुवयांवर, मंजुळाबाईच्या पदरावर.

पुंजका सरळ लोंबत राहिला.

तिनं हात बदलला. कोपर गुडघ्याला टेकवलं, म्हणजे पुंजका हातानं हलायला नको. पुंजका सरळच. वरून एक तंतू हळूहळू उतरला आणि कचरूच्या अर्ध्या उघड्या डोळ्यात बसला. कचरूनं त्याची काहीच दखल घेतली नाही.

जानरावानं टोपी काढली. "मानूस गेला का जीन दिवसभर बंद ठेवतेत, बाई. रीतच हाय. बंदच राहू देतो."

"नको. लावा पट्टा."

कोणी हललं नाही.

"लावा म्हणलं न."

पट्टा चढला. पहिला रेचा कुरकुरला, मग दुसरा, मग सगळी रांग. खाली बसलेली रुई पुन्हा उठली. कचरूच्या नाकाशी मंजुळाबाईच्या चिमटीतला पुंजका आधी थरथरला, मग चांगला हलायला लागला.

"हं," ती म्हणाली. "निजू द्या आता त्यायले."