फडक्याखालचा धडा

आमच्या आदिवासी मुलींची मार्गदर्शक व्हायचं तर ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट ऑगस्टाच्या केंद्रात मी संगणकापुढे बसले, शेजारी बहिणीची लेक टार्नी. ‘ज्येष्ठांचा आदर’ हा धडा उघडला आणि पडद्यावर बहीणच, टार्नीची आई, जुन्या चित्रीकरणात बोलू लागली. तिला पुरून दोनच महिने झाले होते. गेलेल्या माणसाचा चेहरा आणि आवाज आमच्यात वर्षभर वर्ज्य. मी टेबलावरचा फडका पडद्यावर टाकला, टार्नीचे कान झाकले. “बंद कर हे!” “बंद केलं तर नापास, मावशी,” शिकवणारी किर्स्टी म्हणाली. आमच्यातल्या ज्येष्ठ बाईला सगळेच मानानं मावशी म्हणतात. “मृत व्यक्ती दिसतील अशी सुरुवातीला सूचना होती, ‘मान्य’ तुम्हीच दाबलंत. चारच मिनिटं सोसा. नाहीतर टार्नीला परकी मार्गदर्शक मिळेल.” फडक्याखाली बहीण बोलतच होती. टार्नीनं उठून वायर उपटली. “प्रमाणपत्र घाल चुलीत,” मी किर्स्टीला म्हणाले, “आणि यापुढे मला मावशी म्हणू नकोस.”