वजनात न धरलेला मर्ल

“हे कुणाला पटायचं नाही, पण जास्तीचं वजन ट्रॅक्टरचं नाही आणि माझंही नाही,” काट्यावर चढवलेल्या ट्रॅक्टरवरूनच लुएला म्हणाली. “ते माझ्या नवऱ्याचं आहे.”

क्लेटसनं काट्याकडं पुन्हा पाहिलं. वजनाचा गट साडेतीन हजार पौंडांचा, चालकासकट. काटा अडतीस पौंड जास्त दाखवत होता. ओहायोतल्या त्या जत्रेत ट्रॅक्टर-ओढीच्या शर्यतीचा वजनकाटा वर्षानुवर्षं त्याच्याच हातात होता, आणि त्या काट्यावर उभं राहून लोकांनी त्याला नाना थापा मारल्या होत्या. टायरला चिखल चिकटलाय. वारा वरून दाबतोय. आत्ताच ॲपल-पाय खाल्लाय. पण नवऱ्याला कुणी मध्ये आणलं नव्हतं.

“कुठाय नवरा?”

लुएलानं बोट दाखवलं. ट्रॅक्टरच्या नाकावर, रेडिएटरच्या पुढं, पावाच्या लादीएवढा एक लोखंडी डबा वेल्डिंग करून बसवला होता.

“त्यात.”

क्लेटसला घाम फुटला. मर्ल त्याला चांगला आठवत होता. धान्याच्या कोठारासारखा रुंद, छातीपर्यंत दाढी. नवरा-बायको दोन जिल्हे ओलांडून वर्षातून एकदा यायचे, या एका ओढीपुरते. गेल्या वर्षी मर्ल याच काट्यावर दोन पौंडांनी जास्त भरला होता. “दाढी उतरव, बसशील गटात,” क्लेटस म्हणाला, आणि सगळी रांग खिदळली. मर्लनं दाढीला हात लावू दिला नाही. ओढीत न उतरताच तो घरी गेला होता.

“कधी झालं हे?” क्लेटसनं हळूच विचारलं.

“इथून गेला तो धड जेवलाच नाही,” लुएला म्हणाली आणि समोर बघत राहिली.

काढण्यासारखं काही दिसतंय का, ते क्लेटस शोधू लागला. तो ट्रॅक्टरभोवती फिरला. मडगार्ड काढलेले. बॉनेट नाही. टायरांतलं पाणी सोडून दिलेलं. मागची ओतीव चाकं जाऊन पत्र्याची आलेली. सीटला इतकी भोकं पाडलेली की शेवया गाळून घ्याव्यात.

“थोडं पेट्रोल काढा,” तो म्हणाला.

“टाकीत दोन घोट आहे. तुम्हाला हवं तर प्या.”

“बूट?”

लुएलानं बूट काढून त्याच्या पायाशी फेकले. काटा दोन पौंड उतरला आणि थांबला.

“मग डबाच काढावा लागेल, बाई.”

“काढा की! कापावा लागेल. कुठून कापताय, डोक्याकडून की पायाकडून?”

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “क्लेटस, लेका, माणूस आहेस का कोण?” दुसऱ्यानं हॉर्न दाबून धरला.

“पण राख एवढी जड?” क्लेटस पुटपुटला.

“मर्लला पाहिला होतात ना? तो काय चिमूटभर होणार होता?”

“नियम म्हणजे नियम, बाई.”

“मग नियमच वाचा!” लुएला स्टिअरिंग धरून उभी राहिली, नुसत्या मोज्यांवर. “ट्रॅक्टर आणि चालक, एवढंच वजनात धरायचं. मर्ल ट्रॅक्टर नाही. आणि चालक म्हणाल, तर गेल्या वर्षी तुम्हीच त्याला खाली उतरवलंत. पुन्हा परत पाठवायचं असेल तर आम्हाला दोघांना पाठवा. पण या वेळी मी गप्प जाणार नाही. दरवाज्यापाशी थांबून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगेन, की क्लेटसनं मर्लला दोनदा बाहेर काढला!”

हॉर्न आता सगळ्यांचेच वाजू लागले. क्लेटसनं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि तक्त्यावर तिच्या नावापुढं बरोबरची खूण केली. उभ्या आयुष्यात त्यानं कुणाला अर्धा पौंडही सोडला नव्हता.

ओढ सुरू झाली. मागं जोडलेल्या गाडीवरचं ओझं ट्रॅक्टर पुढं जाईल तसं पुढं सरकतं, गाडी मातीत रुतत जाते, आणि ट्रॅक्टर घोड्यासारखे पुढून उठतात. एकेकाचं नाक आभाळाला लागत होतं. पुढची चाकं हवेत, मागची जागच्या जागी माती उकरतायत. दीडशे फुटांवर एक मेला, एकशेऐंशीवर दुसरा.

लुएलाचा ट्रॅक्टर निघाला आणि त्याचं नाक उठलंच नाही. कुणीतरी पुढं बसून दाबून धरल्यासारखा तो जमिनीला चिकटून चालला. दोनशे फूट. दोनशे वीस. क्लेटसच्या अंगावर काटा आला. दोनशे चाळीसवर गाडी थांबली तेव्हा प्रेक्षकांच्या स्टँडातली माणसं बाकांवर चढली होती.

बक्षिसाच्या टेबलापाशी लुएला मोज्यांवरच आली. क्लेटसनं चषक तिच्या हातात दिला आणि माईक स्वतःकडं ओढला. 

“मित्रहो, हा चषक एकट्या लुएलाचा नाही,” तो म्हणाला. “जो गेल्या वर्षी आपल्यात होता आणि आज त्या डब्यात आहे, त्या मर्लचाही आहे. त्याच्यासाठी क्षणभर उभे राहू या.”

“अहो, कशाला एवढं,” लुएला घाईघाईनं म्हणाली. “राहू द्या ना.”

पण स्टँड उभा राहिला. टोप्या उतरल्या. लेमोनेडवाल्यानंही यंत्र बंद केलं.

एकच टोपी डोक्यावर राहिली होती. कुंपणापाशी एक रुंद, गुळगुळीत हनुवटीचा माणूस दोन्ही हातांत सॉसेजचे पाव घेऊन उभा होता. गेलं कोण, हे शोधत असल्यासारखा तो इकडंतिकडं बघत होता. क्लेटसनं त्याच्याकडं डोळे वटारले.

त्या माणसानं तोंडातला घास कसाबसा गिळला, आणि त्या शांततेत त्याचा आवाज पार मक्याच्या शेतापर्यंत गेला.

“ए लुएला! मी तर इथं उभा आहे. मग मी ओतलेलं शिसं काढून त्या डब्यात भरलंयस तरी कुणाला?”